ताबा नाही तिथे नाव मोठं

मराठी दैनिकाच्या डेस्कवर नवीन आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात दोन-तीन गोष्टी घोकायला लावतात. त्यांतली एक ही, की परदेशी वृत्तसंस्थेच्या बातमीत 'पाकिस्तान-प्रशासित काश्मीर' दिसलं की त्याचं 'पाकव्याप्त काश्मीर' करायचं. पान पाच मिनिटं उशिरा सुटलं तर बोलणी खाऊन भागतं, पण हे राहिलं तर दुसऱ्या दिवशी संपादकांच्या केबिनमध्ये उभं राहावं लागतं. मी लागलो तेव्हा अशा नावांची यादी एका पुठ्ठ्यावर चिकटवून मुख्य उपसंपादकांच्या खुर्चीमागे टांगलेली होती. बेळगाव, 'बेळगावी' नव्हे. सीमाभाग, 'सीमावर्ती भाग' नव्हे. अरुणाचलातल्या गावाचं चिनी नाव मथळ्यात नको. कडांना चहाचे डाग पडलेला तो पुठ्ठा मी बरीच वर्षं शुद्धलेखनाच्या नियमांच्या नजरेनेच बघत आलो. इकार दीर्घ की ऱ्हस्व, तसंच 'व्याप्त' की 'प्रशासित'.

मग एका पावसाळ्यात फाउंटनच्या फुटपाथवर जुना इंग्लंडात छापलेला अ‍ॅटलास मिळाला. (चौकाचं नाव हुतात्मा चौक आहे हे मला ठाऊक आहे आणि ते का आहे हेही. पण फुटपाथवर पुस्तक घेताना माणूस 'फाउंटन'च म्हणतो.) भारताच्या पानावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का होता. यात दाखवलेल्या भारताच्या बाह्य सीमा बरोबरही नाहीत आणि अधिकृतही नाहीत, असा त्याचा इंग्रजी मजकूर. शिक्का तिरका बसलेला, अर्धा अरबी समुद्रात आणि अर्धा कच्छवर. काश्मीरला त्याचा स्पर्शही नव्हता. कुणीतरी कारकुनाने गठ्ठ्यातलं एकेक पुस्तक उघडून, ते पान शोधून, ठप्पकन मारून पुढचं घेतलं असणार. विक्रेत्याने त्या शिक्क्यापायी दहा रुपये कमी केले, 'पान खराब आहे' म्हणून.

सरकार नाव ठेवतं म्हणजे प्रत्यक्षात काय करतं, तर असल्या कारकुनाच्या हातात शिक्का देतं. आपल्याकडे गावा-शहराचं नाव बदलायचं तर राज्याने प्रस्ताव पाठवायचा, केंद्रीय गृहमंत्रालयाने रेल्वे, टपाल खातं आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांना विचारायचं, हरकत नसेल तर मान्यता द्यायची. १९५३ सालच्या परिपत्रकापासून ही पद्धत चालत आली आहे. राज्याचं नाव बदलायला संसदेत कायदा लागतो. देशाच्या सीमेचा प्रश्न आला की मात्र हा सगळा निवांतपणा जातो. १९६१ च्या एका फौजदारी कायद्यात तरतूदच आहे, की सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आमचा आर्टिस्ट निवडणुकीच्या नकाशात रंग भरताना वरचं टोक दोनदोनदा तपासायचा, ते याच भीतीने.

माझ्या डोक्यात हळूहळू एक गोष्ट पक्की झाली. वादातल्या भूमीचं सरकारी नाव तिथे राहणाऱ्यांसाठी क्वचितच असतं. ते असतं पुढे कधीतरी बसणाऱ्या न्यायाधीशासाठी, आणि त्याआधी स्वतःच्याच माणसांसाठी. भाऊबंदकीत अडकलेल्या जमिनीची पट्टी लोक वर्षानुवर्षं भरत राहतात. कसतोय दुसराच, बांधावर पायही ठेवता येत नाही, पण पावती आपल्या नावाची हवी. सरकारांची नावं मला या पावत्यांसारखी वाटतात. आणि ताबा जितका कमी, तितकी पावती लांबलचक.

बघा ना, ज्याच्या हातात जागा आहे तो तिला एका शब्दात हाक मारतो. ज्याच्या हातात नाही त्याला विशेषणं लागतात. आपण श्रीनगरच्या बातमीत नुसतं 'काश्मीर' म्हणतो आणि मुझफ्फराबादच्या बातमीत 'पाकव्याप्त'. पाकिस्तान मुझफ्फराबादच्या बाजूला 'आझाद जम्मू आणि काश्मीर' म्हणतं, आणि भारताच्या बाजूसाठी गेली काही वर्षं तिथलं परराष्ट्र खातं 'भारताच्या बेकायदा ताब्यातलं जम्मू-काश्मीर' असं रेल्वेच्या डब्यांएवढं नाव वापरतं, त्याचं इंग्रजी लघुरूप करून. गिलगिट-बाल्टिस्तानला तर २००९ पर्यंत पाकिस्तानात 'उत्तरेकडचे प्रदेश' एवढंच म्हणत. दिशा सांगायची, मालकी बोलायची नाही. त्या भागाला स्वतःचं नाव दिलं तर काश्मीरच्या एकूण दाव्यातून तो सुटा होतो की काय, ही धास्ती त्यामागे होती.

आपल्या पावत्याही बारकाईने फाडलेल्या आहेत. जम्मू-काश्मीर विधानसभेत २४ जागा पाकव्याप्त भागासाठी राखून रिकाम्या ठेवल्या आहेत. २०१९ मध्ये राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, त्यानंतर २ नोव्हेंबरला नवा नकाशा निघाला. त्यात लेह जिल्ह्याच्या व्याख्येत गिलगिट आहे, चिलास आहे. जिथे आपला तलाठी कधी गेला नाही ती गावं आपल्या जिल्ह्यात कागदोपत्री नीट बसवलेली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्टला, पाकिस्तानने आपला नकाशा काढला आणि त्यात जुनागढसुद्धा घेतलं. इस्लामाबादच्या 'काश्मीर हायवे'चं नाव त्याच सुमारास 'श्रीनगर हायवे' झालं. त्या रस्त्याने श्रीनगरला जाता येत नाही, हे तिथल्या टॅक्सीवाल्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

चीनचं काम अधिक शिस्तीचं. अरुणाचल प्रदेशाला ते 'झांगनान' म्हणतात, म्हणजे दक्षिण तिबेट. पण एका मोठ्या नावावर ते थांबलेले नाहीत. त्यांचं नागरी व्यवहार मंत्रालय 'प्रमाणित' नावांच्या याद्या काढतं. एप्रिल २०१७ मध्ये, दलाई लामांच्या तवांग भेटीपाठोपाठ, पहिली यादी आली ती सहा नावांची. मग २०२१ च्या डिसेंबरात १५, २०२३ मध्ये ११, २०२४ मध्ये ३० आणि मे २०२५ मध्ये २७. वस्त्या, शिखरं, नद्या, खिंडी, सगळ्यांची नावं चिनी आणि तिबेटी लिपीत, अक्षांश-रेखांशांसह. दर वेळी आपलं परराष्ट्र मंत्रालय सांगतं की रचलेल्या नावांनी वस्तुस्थिती बदलत नाही. २०२४ ची यादी आली तेव्हा परराष्ट्रमंत्री जयशंकर सुरतेत म्हणाले होते, उद्या मी तुमच्या घराचं नाव बदललं तर ते घर माझं होईल का? डेस्कवर आम्हाला मथळा आयताच मिळाला. पण खरं सांगायचं तर नाव बदलण्यातली ताकद आपल्यालाही चांगली ठाऊक आहे. हाच प्रदेश आधी 'नेफा' होता, ईशान्य सीमेवरची एक एजन्सी, नावातच सीमा आणि कारभार. १९७२ मध्ये त्याचा 'अरुणाचल प्रदेश' झाला, १९८७ मध्ये राज्य झालं. सीमेवरच्या एजन्सीवर कुणी दावा सांगितला तर ती निदान वाटाघाटीची गोष्ट वाटते. उगवतीच्या डोंगराळ प्रदेशावर सांगितला तर शाळकरी पोरही चिडतं. आणि फरक इतकाच नाही. तिथे आपली शाळा आहे, मतदानकेंद्र आहे, त्यामुळे ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. चिनी याद्यांतली नावं अजून कुणी कुणाला हाक मारायला वापरलेली नाहीत.

या माझ्या लाडक्या सिद्धांताला एक भोक आहे, आणि ते गोव्याने पाडलं. पोर्तुगीजांकडे ताबा होता. साडेचारशे वर्षांचा होता. कमी पडत होता तो कायदा, कारण जग वसाहतींना कंटाळलं होतं. मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने १९५१ मध्ये घटनाच दुरुस्त केली आणि वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' करून टाकलं. गोवा, दमण आणि दीवचं मिळून त्यांच्या लेखी नाव होतं 'एस्तादो दा इंदिया', भारत राज्य! नाव पोर्तुगालचं, राज्य पोर्तुगालचं, आणि त्यात भारत. पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला १९५५ साली. तुमच्याकडे स्वयंशासित नसलेले प्रदेश कोणते, या प्रश्नावर त्याने सांगितलं, आमच्याकडे तसं काही नाही, सगळे आमचे प्रांतच आहेत. शेवटी डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने ठराव करून स्वतःच यादी केली. तिच्यात गोव्याची नोंद कशी आहे? 'गोवा आणि त्याच्या अंकित जागा, ज्यांना भारत राज्य म्हणतात.' 'ज्यांना म्हणतात'! त्या ठरावाचा मसुदा लिहिणारा कोण होता मला माहीत नाही, पण तो आमच्या डेस्कवर असता तर मी त्याला पहिलं पान दिलं असतं. वर्षभराने गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगालने ते कागदावर मान्य केलं १९७४ च्या अखेरीस, सालाझार आणि त्याची राजवट दोन्ही गेल्यावर.

म्हणजे सिद्धांत थोडा दुरुस्त करून घेऊ. ताबा नसेल तर नावाला विशेषणं फुटतात. ताबा आहे पण कायदा डळमळीत, तर नाव एकतर घटनेतून आणतात किंवा पुराणातून. इस्रायलने १९६७ च्या जूनमध्ये जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरात लष्करी आदेश काढला, की यापुढे 'पश्चिम किनारा' म्हणजेच 'ज्यूडिया आणि सामारिया' समजावं. बायबलमधली नावं लष्करी आदेशाने! 'पश्चिम किनारा' हे नावही काही निष्पाप नाही म्हणा, ते आलं जॉर्डनकडून. किनारा पश्चिमेचा केव्हा ठरतो, तर बघणारा नदीच्या पूर्वेला बसलेला असतो तेव्हा.

सगळ्यांत जास्त करमणूक होते ती तिऱ्हाइतांची. ज्यांना दोन्ही घरी जेवायचं आहे ते कंस, चांदण्या आणि तळटीपा वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या इंग्रजी कागदांत ब्रिटन आणि अर्जेंटिना ज्यांवरून भांडतात ती दक्षिण अटलांटिकमधली बेटं 'फॉकलंड (मालविनास)' असतात आणि स्पॅनिश कागदांत कंस उलटा होतो. सर्बिया ज्याला आपलाच प्रांत मानतो त्या कोसोव्होच्या नावाला २०१२ मध्ये समझोता करून चक्क एक चांदणी लावली. खाली तळटीप, की या नावाने दर्जाबद्दलच्या कुणाच्याच भूमिकेला बाधा येत नाही. मॅसिडोनियाची तर कमालच. ग्रीसने हरकत घेतली, आमच्या प्रांताचं नाव तुम्ही देशाला कसं देता? म्हणून १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्या देशाला 'पूर्वाश्रमीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया' अशा तात्पुरत्या नावाने आत घेतलं. इंग्रजी वर्णक्रमात बसवायचं कुठे हाही वाद. 'एम'खाली बसवलं तर ग्रीस रागावणार, 'एफ'खाली बसवलं तर 'पूर्वाश्रमीचं' हीच ओळख चिकटणार. शेवटी नावाआधीच्या 'द'वरून त्यांना 'टी'मध्ये, थायलंडच्या शेजारी, खुर्ची मिळाली. हे तात्पुरतं प्रकरण पंचवीस वर्षं चाललं. २०१९ च्या फेब्रुवारीत देश 'उत्तर मॅसिडोनिया' झाला आणि खुर्ची हलली.

आपण तिऱ्हाईत असतो तेव्हा आपणही फार वेगळे वागत नाही. २०१८ मध्ये चीनने विमान कंपन्यांना दटावलं आणि एअर इंडियाच्या संकेतस्थळावर 'तैवान'चं 'चायनीज तैपेई' झालं. त्याच काळात चीनच्या अरुणाचली नावांवर आम्ही अग्रलेख लिहीत होतो.

नेपाळबरोबरच्या वादात मात्र नाव ही पावतीही नाही आणि विशेषणही नाही. तिथे नावच जमीन आहे. सुगौलीच्या तहाने, जो १८१६ मध्ये पक्का झाला, काली नदी ही सीमा ठरली. पण वर डोंगरात एकापेक्षा जास्त प्रवाह येऊन मिळतात. त्यांतल्या कुठल्याला 'काली' म्हणायचं? भारत म्हणतो, कालापानीजवळच्या झऱ्यांपासून येते ती. नेपाळ म्हणतो, लिंपियाधुऱ्याहून येते ती. दोन्ही उत्तरांच्या मध्ये सुमारे ३३५ चौरस किलोमीटर पडतात. २०२० च्या जूनमध्ये नेपाळने घटनादुरुस्ती करून तो तुकडा आपल्या बोधचिन्हावरच्या नकाशात घेतला. तहावर सही करणाऱ्या दोघांपैकी एकाने जरी वर चढून जाऊन प्रवाहावर बोट ठेवलं असतं तर... पण तह बहुधा थंडी-वाऱ्यापासून दूर बसूनच लिहिले जातात.

आणि बंगालच्या उपसागरातलं ते बेट! १९७० च्या चक्रीवादळानंतर हरियाभांगा नदीच्या मुखाशी गाळाचा उंचवटा वर आला. भारताने त्याला 'न्यू मूर' म्हटलं, बंगालीत 'पूर्वाशा', बांगलादेशाने 'दक्षिण तालपट्टी'. माणूस राहायला नाही, जेमतेम दोन मीटर उंची, नावं तीन. आपण तिथे झेंडाही रोवला. २०१० मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी सांगितलं की बेट पाण्याखाली गेलं. सागरी सीमेचा लवादाचा निकाल २०१४ मध्ये आला तेव्हा भांडायला बेट उरलं नव्हतं, पण निकालपत्रात तिन्ही नावांचा घोळ निस्तरावा लागलाच असेल, असं मला आपलं वाटतं.

हे सगळं लांबचं झालं. मराठी माणसाला हा विषय घरचा आहे. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याचं जाहीर झालं, तेव्हा वादग्रस्त प्रदेश आपणच होतो. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं ते याच प्रश्नावर. नोव्हेंबरात 'मुंबई राज्य' नावाचं विशाल द्विभाषिक झालं, त्यात विदर्भापासून सौराष्ट्रापर्यंत सगळे कोंबलेले. 'महाराष्ट्र' हे नाव सरकारी कागदावर यायला १ मे १९६० उजाडावा लागला, आणि तोवर बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी पलीकडे राहिले होते.

सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग बसला. आडनावामुळे कित्येकांना ते आपल्यातले वाटतात, पण मेहरचंद महाजन पंजाबी. फाळणीच्या वेळी पंजाबच्या सीमा आयोगावर होते, आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये, विलीनीकरणाच्या ऐन धुमश्चक्रीत, जम्मू-काश्मीर संस्थानाचे पंतप्रधान! पुढे देशाचे सरन्यायाधीश. म्हणजे काश्मीर आणि बेळगाव, पुठ्ठ्यावरच्या आमच्या यादीतल्या दोन्ही नावांना हा एकच माणूस हात लावून गेलेला. त्यांनी बेळगाव तिकडेच ठेवायला सांगितलं, महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

त्या मधल्या काळात पावत्या फाडणं जोरात चालू राहिलं. कर्नाटकाने बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधलं, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहर अधिकृतपणे 'बेळगावी' झालं. आपल्या मुख्यमंत्री कार्यालयाने जानेवारी २०२१ मध्ये, सीमाभागातल्या हुतात्म्यांना अभिवादन करताना, 'कर्नाटकव्याप्त' हा शब्द वापरला. पुठ्ठ्यावरच्या 'पाकव्याप्त'चा हा सख्खा भाऊ. तिथल्या एका उपमुख्यमंत्र्यांनी उत्तर दिलं, मग मुंबईच कर्नाटकाला जोडा, तोवर केंद्रशासित करा. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी आठवड्याभराच्या आत एकमेकांविरुद्ध ठराव केले. आपल्या ठरावात ८६५ गावं आहेत.

त्यांतलं येळ्ळूर माझ्या मनात घर करून आहे. गावाच्या वेशीवर सिमेंटच्या चौथऱ्यावर फलक होता, 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर'. कुठल्याही गॅझेटमध्ये हे नाव नाही. ना मंत्रालयाने दिलं, ना सर्व्हे ऑफ इंडियाने विचारलं. गावाने स्वतःच काढलेली अधिसूचना ती. जुलै २०१४ मध्ये पोलिसांनी तो चौथरा पाडला, गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला, पुन्हा पाडला आणि घराघरांत शिरून लाठ्या चालल्या. आम्ही ते फोटो पहिल्या पानावर घेतले. या लेखात आलेल्या सगळ्या नावांपैकी ज्याच्यासाठी तिथे राहणाऱ्यांनी स्वतः मार खाल्ला असं हे एक. मला ते बाकीच्यांच्या रांगेत बसवता येत नाही.

माझी आत्या त्याच पट्ट्यातल्या एका खेड्यात दिलेली. तिकडच्या बायकांसारखी ती 'मी येतो, मी करतो' असंच बोलते. गेल्या खेपेला फोनवर मी तिला हौसेने सांगत होतो, की आम्ही पेपरात अजून 'बेळगाव'च छापतो.

"ते छापा की," ती म्हणाली, "पण मला उतारा कानडीत मिळतो त्याचं काय ते बघ. चाळीस वर्षं मी अंगठेबहाद्दर नाही आणि कचेरीत गेलो की अंगठेबहाद्दर होतो. पाठवतो तुला, कुणाकडनं तरी वाचून घे."

नातवाने उताऱ्याचा फोटो पाठवला. मी तो घेऊन माटुंग्याच्या आमच्या नेहमीच्या उडपी हॉटेलात गेलो. काउंटरवरचे अण्णा मूळचे कुंदापूरकडचे, घरात कानडी. त्यांनी गल्ल्यावरचा चष्मा चढवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदार असं एकेक मला मराठीत सांगत गेले. 'उतारा' हा शब्द त्यांना सांगावा लागला नाही, तिकडे कानडीतही उतारच म्हणतात. पिकाच्या रकान्यात भात होतं.

संध्याकाळी आत्याला कळवलं. नाव बरोबर आहे, क्षेत्र बरोबर आहे, पीक भात.

"भात?" ती म्हणाली. "अरे, तीन सालं झाली, तिथे बटाटा लावतोय मी." आणि तलाठ्याला काय काय सुनवायचं याची उजळणी तिने माझ्यावरच सुरू केली.